मदत हवी आहे: पुण्यात 45 लाखांच्या आतलं घर

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं मोशी-चऱ्होली भागात वन बीएचके शोधतोय. साइटवर गेलं की टू-थ्री बीएचकेचाच सॅम्पल फ्लॅट दाखवतात. वन बीएचके म्हणे काढलेच नाहीत. जमिनीला एवढा पैसा ओतल्यावर बिल्डर जास्त नफ्याचंच घर बांधणार, हे कळतं. त्यात परवडणारं घर म्हणून 1 टक्काच जीएसटी लागावा, यासाठी किमतीची 45 लाखांची मर्यादा 2019 ला ठरली, तेव्हापासून भाव कुठल्या कुठे गेले! आता आशा म्हाडाच्या सोडतीवर. मोठ्या खासगी प्रकल्पांतली 20 टक्के योजनेतली (म्हणजे बिल्डरने म्हाडाच्या सोडतीसाठी राखून ठेवलेली) घरं कुणाला लागलीत का? ताबा वेळेवर मिळाला का? पार्किंग, मेंटेनन्सचे वरून किती मागितले? भाडेकरार संपत आलाय, कृपया लवकर सांगा.