मदत हवी आहे: एफएफ ७ रीमेक, स्कॉर्पियनपाशी अडकलो

मोर्शीकडचा:
पीएस४, दोन डिस्कवाला फायनल फॅन्टसी ७ रीमेक, नॉर्मलवर. १९९७ चा जुना गेम मोबाइलवर पूर्ण झाला आहे. त्यात पट्टी भरली की निवांत हुकूम द्यायचा. इथं चौकोन दाबदाबून अंगठा दुखून राहिला, तरी पहिला बॉस स्कॉर्पियन सेंटिनल, त्याचा एचपी (जीव) हलत नाही. लेव्हल वाढवू का? धाकट्या भावालाही शिकवायचं आहे, तो अशा गेममध्ये अगदीच नवा.

वऱ्हाडी मटेरिया:
लेव्हलचं काही नाही भाऊ. चौकोन हा मारायचा बटण समजून राहिले, तिथंच गाडी अडली. तो एटीबी, म्हणजे हुकूम द्यायला लागणारी पट्टी, भरायचा बटण आहे. ही एटीबीची पद्धत १९९१ च्या फायनल फॅन्टसी ४ पासूनची. जुन्या ७ मध्ये पट्टी आपोआप भरायची, रीमेकमध्ये ती आपोआप फार हळू भरते, वार केले की भराभर. एक खाना भरला की एक्स दाबा. वेळ जवळजवळ थांबते, मग निवांत हुकूम द्या. म्हणजे तुमचा जुना गेम त्या एक्समध्येच आहे.

आता विंचू. त्याला विजेचा मार जास्त बसतो. ज्याच्याकडे लायटनिंग मटेरिया (विजेचे मंत्र देणारा खडा) आहे त्याच्याकडून थंडर हा मंत्र मारा. एचपीच्या खालची स्टॅगरची (शत्रू कोलमडायची) पट्टी भरणं हेच खरं काम. ‘प्रेशर्ड’ (शत्रू दबावात) दिसलं की तुमच्या दोन गड्यांपैकी क्लाउडचं फोकस्ड थ्रस्ट आणि बॅरेटचं फोकस्ड शॉट. स्टॅगर झाला की नुकसान १६० टक्के होते, क्लाउडचा ब्रेव्हर हा मोठा वार तेव्हासाठी राखून ठेवा. आधीच उधळलं तर वाया. शेपटीचा लेझर येतो तेव्हा पडलेल्या ढिगाऱ्यामागे लपा, आर१ धरून नुसता बचाव केल्यानं भागत नाही. भोवती ढाल उभी राहिली की समोरून मारत बसू नका, पाठीमागचा जनरेटर फोडा.

मोर्शीकडचा:
एक्सचं आता डोक्यात बसलं. पण क्लाउडनं थंडर लावला की मधातच तुटते आणि एटीबीही जाते. काहून?

वऱ्हाडी मटेरिया:
मंत्र म्हणताना मार बसला म्हणून. तुमच्या हातात जो गडी, शत्रू बहुतेक त्याच्याच अंगावर जातो. म्हणून क्लाउडला हातात ठेवून आर१ नं मार झेला आणि मंत्र बॅरेटला सांगा, एल२ किंवा आर२ नं त्याचा मेनू उघडतो. फक्त एक लक्षात ठेवा, हातात नसलेल्याची पट्टी हळू भरते, त्यामुळं डी-पॅडनं बॅरेटवर जाऊन चार फैरी झाडून परत या. क्लाउडच्या पनिशर मोडमध्ये (त्रिकोण दाबून येणारा दुसरा पवित्रा) आर१ धरला की जवळच्या वाराला उलट वार आपोआप बसतो. गोळी आणि मंत्र मात्र त्यात तसेच लागतात.

दर्यापूर १:
भावासाठी क्लासिक मोड लावा. वार, बचाव गेम स्वतः करते, पोरगा फक्त एटीबी खर्च करतो. नवख्याला यातूनच कळते की कोणता मंत्र कोणावर चालतो. पीएस४ वर क्लासिक म्हणजे इझी (सोपी पातळी)च. नॉर्मलचं क्लासिक पीएस५ आणि पीसीच्या इंटरग्रेड या सुधारित आवृत्तीमध्ये आहे. बदल लढाई सुरू व्हायच्या आधी मेनूतून करा. आणि लोडशेडिंगच्या वेळा पाहून बसा राजेहो, लढाईच्या मधात सेव्ह होत नाही. बॉसच्या आधी हातानं सेव्ह करून घ्या, आणि सेव्ह होत असल्याची खूण कोपऱ्यात फिरत असेल तोवर मशीन बंद करू नका.