कौतुक सोहळा: सी-४०१ ची मुलं यादीत घ्यायची का?

सेक्रेटरी, ए-१०२:
नमस्कार मंडळी. बारावी झाली, दहावीचाही निकाल लागला, कॉलेजच्या परीक्षा संपत आल्यात. दरवर्षीप्रमाणे या रविवारी संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये गुणवंतांचा सत्कार ठेवलाय. आतापर्यंत सहा नावं आलीत. कुणाचं राहिलं असेल तर मार्कलिस्टचा फोटो मला पाठवा. शाल, सन्मानचिन्ह आणि गेटवरचा फ्लेक्स उद्या सांगून टाकतो.

बी-३०२:
दादा, आमच्या धाकटीला बारावीला ७८ टक्के पडलेत. नव्वदच्या आत म्हणून ती नाव द्यायला तयार नाही. देऊ का मी?

सी-१०१:
देवा की वहिनी! ७८ काय कमी हाईत व्हय? पोरगी वर्षभर सकाळी सहाला सायकल काढत होती क्लासला. मी फिरायला जाताना रोज बघितलीया.

सेक्रेटरी, ए-१०२:
द्या वहिनी, लिहून घेतलं. अभिनंदन सांगा तिला.

ए-२०२ (लेक):
काका, कॉलेजवाल्यांनी काय द्यायचं? आमची परीक्षा आत्ता संपली, मार्कलिस्ट यायला वेळ आहे. पण या वर्षी युवा महोत्सवात आमच्या कॉलेजच्या लोकनृत्याला नंबर आला. दोन महिने रोज लेक्चर झाल्यावर तालीम असायची. मी पहिल्या ओळीत होते.

सेक्रेटरी, ए-१०२:
वा, वा! पण बेटा, आजवर आपण फक्त मार्कांवरच केलंय. त्यात बसवायचं कसं ते बघायला लागेल.

ए-३०१ (सर):
सेक्रेटरीसाहेब, बसवाच. आणि यादी हातात आहे तर आणखी एक बोलतो. त्यात सी-४०१ ची चार मुलं नाहीत. एक चंदगडचा, दोघं गगनबावड्याकडचे, एक कणकवलीचा. चौघंही इथं कोल्हापुरात शिकायला भाड्यानं राहतात. त्यांचा निकाल कुणी विचारलेला नाही.

मागच्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला आणि रात्री लाईट गेली, त्या दिवशी मी मेणबत्ती आणायला खाली उतरलो होतो. जिन्यातला दिवा तेवढा सोसायटीच्या इन्व्हर्टरवर चालतो. त्या दिव्याखाली, पहिल्या पायरीवर, चंदगडचा मुलगा फिजिक्सचं जर्नल पुरं करत बसला होता. सकाळी सबमिशन होतं. मी जर्नल मागून घेतलं. उजव्या पानावर रीडिंग, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काढलेलं सर्किट, आणि ग्राफपेपर चिकटवायला डिंक नव्हता म्हणून डब्यातल्या भाताची शितं लावलेली. मी आयुष्यभर जर्नलं तपासली. मित्राचं बघून उतरवलेलं रीडिंग एका नजरेत कळतं, ते फार सरळ येतं. याच्या ग्राफमध्ये दोन बिंदू रेषेच्या चांगले बाहेर होते आणि ते त्यानं तसेच ठेवले होते. विचारलं, तर म्हणाला, ‘सर, आलं तेच लिहिलं. परत मोजलं, तरी तेच आलं.’

एवढ्या प्रामाणिकपणाला मी कॉलेजात असतो तर वर्गापुढं उभं करून शाबासकी दिली असती. आपल्या सोहळ्यात त्याला जागा नसेल तर आपण कशाचं कौतुक करतोय?

खजिनदार, बी-१०३:
सर, तुमचा मान राखून बोलतो. सोहळा सभासदांच्या वर्गणीतून होतो. भाडेकरू मुलं दर वर्षी बदलतात. आज चार घेतली तर उद्या बाकीच्या भाड्याच्या फ्लॅटमधली कुणाकुणाची घ्यायची? नियम एकच पाहिजे.

बी-२०४:
आणि मला सांगायचंय की सी-४०१ ची मुलं रात्री अकरा-साडेअकराला गाड्या लावतात तेव्हा आवाज होतो. ह्यांना बीपी आहे, झोपमोड झाली की परत झोप लागत नाही. मुलं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण हेही लक्षात घ्या.

सी-१०१:
काकू, त्यातला एक रात्री डबे पोचवून येतोय म्हणून उशीर होतोय. मेसच्या मालकानं त्याला जेवण फुकट धरलंय त्याबदल्यात. म्या त्याला सांगतो गाडी गेटाजवळ बंद करून ढकलत आण म्हणून. ऐकंल तो.

बी-२०४:
असं होय. मला हे ठाऊक नव्हतं हो. सांगा त्याला, आणि जेवला का तेही विचारा.

ए-३०१ (सर):
खजिनदारसाहेब, तुमचा नियमाचा मुद्दा रास्त आहे, म्हणून नीट लिहितो.

बाहेरगावच्या मुलांची सोय करून कोल्हापूर मोठं झालं. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग. हुशार पोर खेड्यात होतंच, त्याला शहरात राहायला जागा नव्हती आणि दोन वेळचं जेवण नव्हतं, ही अडचण महाराजांनी ओळखली. कुंभोजचे भाऊराव पाटील इथं राजाराम हायस्कूलात शिकायला आले ते जैन बोर्डिंगात राहिले. पुढं १९१९ ला त्यांनीच रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका म्हणून हजारो मुलांना उभं केलं. शहरात एका मुलाला राहायला खोली मिळाली, तर त्यातून एवढं होऊ शकतं. सी-४०१ हे आपल्या सोसायटीतलं छोटं बोर्डिंगच आहे.

बी-३०२:
भाऊरावांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. माझी आई रयतच्या शाळेत शिकली, ती हे सांगताना अजून रडते.

सी-१०१:
सर, खाशाबांचं राहिलं. मी सांगतो. पैलवान खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे. गाव कराडजवळचं गोळेश्वर. १९५२ ला हेलसिंकीला ऑलिंपिकला जायचं तर पैसं न्हाईत. तवा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी सोताचं राहतं घर गहाण टाकलं आन सात हजार रुपये दिलं. इद्यार्थ्यापायी घर! पोरगं गेलं आन ब्राँझ घिऊन आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान घेतलं आन त्या पैशातनं सरांचं घर सोडवलं. आमच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला लंगोट बांधायला शिकवायच्या आधी ही गोष्ट सांगायचं.

ए-३०१ (सर):
अण्णा, शाब्बास. आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव कुणाचं आहे? बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचंच. आपली निम्मी मुलं रोज तिथं जाऊन बसतात.

ए-२०२ (लेक):
सर, मी गेली दोन वर्षं तिथं जातेय. पाटीवर नाव वाचते, पण ते हेच खर्डेकर हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला वाचून.

खजिनदार, बी-१०३:
मी आत्ता हिशेबाची वही काढून बघितली. सी-४०१ चे मालक पुण्याला असतात. फ्लॅट भाड्यानं आहे म्हणून त्यांच्याकडून आपण नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेतो, नियमानं सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के. म्हणजे ती मुलं इथं राहतात म्हणून सोसायटीला जादा पैसे मिळतात, आणि ते याच खात्यात जमा होतात. मग वर्गणीतून खर्च होतो म्हणून त्यांना वगळणं योग्य नाही. सर, माझी हरकत मी मागं घेतो. सगळ्या भाड्याच्या फ्लॅटना हाच नियम लावा.

सी-४०१ (मालक, पुणे):
खजिनदारसाहेब, मनापासून धन्यवाद. मी स्वतः आजऱ्याहून येऊन कोल्हापुरात खोली करून शिकलो. म्हणून फ्लॅट विद्यार्थ्यांनाच देतो. अनामत एका महिन्याचीच घेतो. त्यांच्यातल्या एकाचा नंबर सेक्रेटरींना पाठवलाय, त्याला ग्रुपवर घ्या.

सेक्रेटरी, ए-१०२:
घेतलं. ये रे बाळा, स्वागत. वरचे मेसेज तुला दिसणार नाहीत. थोडक्यात सांगतो: रविवारी तुम्हा चौघांचा सत्कार करायचाय. वर्षभरात काय काय केलंत ते इथं लिही. मार्कच पाहिजेत असं नाही.

सी-४०१ (विद्यार्थी):
नमस्कार सर्वांना. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं नाव घेतलं त्याबद्दल आभारी आहे. काय लिहावं कळत नाही, पण काकांनी सांगितलं म्हणून लिहितो.

आमच्यातला कणकवलीचा मित्र इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या गटानं भाताच्या रोपवाटिकेला पाणी देण्यासाठी ओल मोजणारं यंत्र केलंय. आविष्कार या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेत ते जिल्ह्याच्या फेरीपर्यंत गेलं. बक्षीस नाही मिळालं, पण परीक्षकांनी अर्धा तास प्रश्न विचारले. गगनबावड्याचा एकजण एनएसएसमध्ये आहे. हिवाळी शिबिरात सात दिवस एका वाडीत राहून त्यांनी ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरून. त्या वाडीतल्या आजीचा त्याला अजून फोन येतो, पाणी किती दिवस टिकलं ते सांगायला. दुसरा रात्री डबे पोचवतो आणि दिवसा बीकॉम करतो. त्याचा एक विषय राहिला होता, तो या टर्मला सुटेल असं वाटतंय.

माझं विशेष काही नाही. मी सकाळी पेपर टाकतो आणि सातला विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडं जातो. त्या वेळी रस्त्यावर मोर असतात. गाडी थांबवावी लागते. मला ती वेळ फार आवडते. शनिवारी कँटीनला एका चहात दोघं, असं आम्ही सहाजण बसतो आणि सोडवलेले पेपर ताडून बघतो. गावाकडं बारावीपर्यंत मी एकटाच सायन्सला होतो, असं विचारायला बरोबरीचं कुणी नव्हतं. कॉलेजात आल्यावर मला हे मिळालं.

आणि एक विनंती. रात्री लाईट गेली की आम्ही जिन्यात बसतो, त्याचा कुणाला त्रास होत असेल तर सांगा.

बी-२०४:
बाळा, कसला त्रास? रविवारी आईवडलांना बोलाव. माझ्याकडं राहतील.

ए-३०१ (सर):
बाळ, बीकॉमच्या मित्राला सांग, राहिलेला विषय सोडवणं हे पहिल्या झटक्यात पास होण्यापेक्षा अवघड असतं. एकदा नापास झालेला मुलगा परत त्याच वर्गात, त्याच बाकावर पेपर द्यायला बसतो, त्याला काय लागतं ते मी बघितलंय. रविवारी त्याचंही नाव मी स्वतः पुकारणार आहे.

आता माझा प्रस्ताव. फ्लेक्स नको आणि सन्मानचिन्हं नकोत. सन्मानचिन्ह घरात शोकेसला जातं, फ्लेक्स चार दिवसांत उतरतो. त्या पैशात वरच्या हॉलला इन्व्हर्टरची जोडणी, चार चांगल्या ट्यूबलाईट आणि लांब टेबलं होतील. हॉल वर्षातून बारसं, साखरपुडा आणि गणपतीच्या मिटिंगांना उघडतो. परीक्षेच्या काळात तो मुलांना अभ्यासिका म्हणून द्या. आपल्या मुलांनाही, भाडेकरूंच्याही. जिन्यात बसायची वेळ पुढच्या टर्मला कुणावर येऊ नये.

बी-३०२:
शंभर टक्के अनुमोदन. आमची तर घरात टीव्हीचा आवाज म्हणून बाथरूमचं दार लावून पाठांतर करायची.

सी-१०१:
आपला पाठिंबा. टेबलं मी करवून देतो, सुताराची मजुरी माझ्याकडं.

खजिनदार, बी-१०३:
हॉलच्या कामाला कमिटीचा ठराव लागेल. तो शनिवारच्या मिटिंगला घेऊ. इन्व्हर्टरचं कोटेशन मी दोन ठिकाणांहून मागवतो. वेळ ठरवा: संध्याकाळी सहा ते रात्री बारा. किल्ली कुणाकडं राहणार तेही ठरायला पाहिजे, नाहीतर दोन आठवड्यांत कुलूप पडतं.

सी-४०१ (विद्यार्थी):
काका, किल्ली आणि झाडलोट आमच्याकडं द्या. चौघं पाळीनं करू. बारा वाजता बंद करून वॉचमनकाकांकडं किल्ली देऊ.

ए-२०२ (लेक):
मीही पाळीत. आणि सर, रविवारी मुलांनी आपापली एक वस्तू आणून टेबलावर ठेवायची का? मी घुंगरू आणते. त्या यंत्रवाल्या दादानं यंत्र आणावं, जर्नल तर पाहिजेच. बघायला आलेल्यांनी विचारायचं आणि आम्ही सांगायचं. नाहीतर दर वर्षी आम्ही स्टेजवर जातो, फोटो होतो आणि खाली येतो. आमच्याशी कुणी काही बोलत नाही.

ए-३०१ (सर):
फार चांगलं सुचवलंस. भाषण एकही नको, माझंसुद्धा. ७८ टक्केवाल्या ताईला सांग तिचं बायोलॉजीचं जर्नल घेऊन यायला, आकृत्या बघायच्यात मला.

बी-३०२:
ती इथं शेजारी बसून वाचतेय. येते म्हणाली. आकृत्या खरंच चांगल्या काढते.

बी-२०४:
वॉचमनच्या मुलीचं काय? दहावीला आहे ना ती? पास झाली का?

सेक्रेटरी, ए-१०२:
झाली काकू, ६२ टक्के. म्युनिसिपालटीच्या शाळेतून. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज भरायचा राहिलाय, त्यांना ते जमत नाही म्हणाले.

ए-२०२ (लेक):
मी भरते. उद्या सकाळी दहाला तिला आधार कार्ड आणि मार्कलिस्ट घेऊन आमच्याकडं पाठवा. पसंतीक्रम नीट लावायला लागतो, तिला कुठली शाखा पाहिजे ते विचारून भरू.

सेक्रेटरी, ए-१०२:
पाठवतो. मग ठरलं ते असं. रविवार, सहा वाजता, पार्किंग. वॉचमनची मुलगी आणि भाड्याच्या फ्लॅटमधली मुलं धरून सगळी नावं यादीत. भाड्याच्या फ्लॅटचे आणखी कुणी विद्यार्थी असतील तर त्यांनी उद्या रात्रीपर्यंत मला कळवा. फ्लेक्स सांगितला नाही. शाल ऐवजी प्रत्येकाला गुलाबाचं फूल आणि एक वही-पेन. बी-२०४ मधून टेबलक्लॉथ घेतो. खायला मिसळ करायची की भडंग-चहा?

सी-१०१:
मिसळ! परीक्षा संपल्यात, पोरास्नी पोटभर खाऊ दे. कट मी घरनं करून आणतो. पाव कुणीतरी सांगा, साठ माणसं धरा.

बी-१०३:
पाव मी सांगतो. दही बी-२०४?

बी-२०४:
हो, दोन किलो लावते शनिवारी रात्री.