भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हौशी धावपटूंच्या गटात कसे सामावून घ्यावे?

प्रश्न: पहाटफेरी, परभणी

सर्वांना नमस्कार. परभणीत आमचा हौशी धावणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात शिक्षक, बँकेतील कर्मचारी, दुकानदार, शेती सांभाळून येणारे काही जण आणि अलीकडे बऱ्याच गृहिणीही आहेत. आठवड्यातील काही दिवस आम्ही कृषी विद्यापीठाच्या परिसरातील रस्त्यांवर धावतो, रविवारी वसमत रस्त्याने लांब पल्ल्याची फेरी असते आणि ती संपल्यावर चहा-पोह्यांबरोबर पुढच्या आठवड्याचे नियोजन ठरते. काही सदस्य जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनला आणि साताऱ्याच्या डोंगरावरील अर्धमॅरेथॉनला जाऊन आले आहेत. 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजवंदनाच्या आधी संपेल अशी पाच आणि दहा किलोमीटरची दौडही आम्ही काढतो.

ज्या वेळी आम्ही धावतो, त्याच वेळी त्याच रस्त्यांवर पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावत असतात. जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालम या तालुक्यांतील गावांमधून आलेली ही मुले शहरात भाड्याच्या खोलीत राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि पहाटे ग्राउंड मारतात. त्यांच्या वेगाच्या जवळपासही आमच्यापैकी कोणी जाऊ शकत नाही, परंतु त्यांचे सारे धावणे एकाच परीक्षेभोवती बांधलेले आहे. राज्यातील पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या धावण्याला असतात आणि उरलेले 100 मीटर धावणे व गोळाफेक यांना. भरती आटोपली की यातले अनेक चेहरे दिसेनासे होतात. निवड झालेली मुले प्रशिक्षणाला जातात आणि निवड न झालेली गावी परततात. त्यांच्यापैकी बहुतेक जण नंतर धावणे कायमचे सोडून देतात, असे मी वारंवार पाहत आलो आहे आणि या गोष्टीने मला खरोखर वाईट वाटते, कारण इतक्या मेहनतीने कमावलेला दम आणि इतकी चांगली सवय एका गुणवत्ता यादीबरोबर संपून जाते.

या मुलांना वर्गणीशिवाय सदस्य करून घ्यावे, असा प्रस्ताव मी गटाच्या वार्षिक बैठकीत मांडला आहे. काहींना तो पटला. काहींचे म्हणणे असे की आपण आनंदासाठी आणि आरोग्यासाठी धावतो, त्यांची गरज वेगळी आहे आणि बोलावले तरी ती येणार नाहीत. मराठवाड्यातील इतर गटांनी असे काही केले असल्यास आपला अनुभव कळवावा. एकत्र सराव नेमका कोणता घ्यावा, वर्गणीचे काय करावे आणि 17 सप्टेंबरच्या दौडीत त्यांना कोणते स्थान द्यावे, याविषयी मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर: चौथा राउंड, लातूर

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण आमच्याकडे हा प्रयोग चालू आहे आणि तो टिकला आहे.

सुरुवातीला आम्ही मुलांना रविवारच्या फेरीला बोलावले, तेव्हा जवळजवळ कोणीच आले नाही. दहा किलोमीटर सावकाश धावणे त्यांना वेळ वाया घालवण्यासारखे वाटत होते. मग आम्हीच त्यांच्या मैदानावर जायला लागलो. आठवड्यातून एक दिवस गटातील काही सदस्य हातात घड्याळ घेऊन उभे राहतात आणि प्रत्येक फेरीची वेळ मोठ्याने सांगतात. 400 मीटरच्या मैदानावर 1600 मीटर म्हणजे चार राउंड. पाच मिनिटे वीस सेकंदांत ते संपवायचे असतील, तर प्रत्येक राउंडला 80 सेकंद मिळतात. मुलांची सवय अशी असते की शर्यत सुटताच सगळी ताकद पहिल्या राउंडमध्ये लावायची, दुसऱ्यात तोंड उघडे पडायचे आणि तिसऱ्यात पाय जड व्हायचे. पहिला राउंड 80 च्या खाली जाऊ द्यायचा नाही, एवढी एकच शिस्त पाळून अनेकांचे टायमिंग सुधारले. लांब पल्ला धावणाऱ्या माणसाकडे वेग नसला तरी वेग राखून ठेवण्याची समज असते आणि ती या मुलांना सहसा कोणी दिलेली नसते.

त्यानंतर ती मुले आपणहून रविवारी येऊ लागली. पाच-साडेपाच मिनिटांच्या धावण्यातही शरीराला लागणारी बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच तयार होते, त्यामुळे गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने तासभर धावल्याचा लाभ 1600 मीटरलाही होतो. हे आम्ही समजावून सांगितले होते, परंतु मुलांना ते पटले स्वतःची वेळ कमी झालेली पाहिल्यावर. मुलांकडून आम्हीही पुष्कळ शिकलो. धावण्यापूर्वीचे गुडघे उचलण्याचे आणि उड्यांचे व्यायाम, चढावर छोट्या वेगवान धावा, पोटाच्या स्नायूंचे व्यायाम यांकडे आमच्यातील चाळिशी-पन्नाशीतले सदस्य पूर्वी फिरकतही नसत.

वर्गणीबाबत माझे मत स्पष्ट आहे. ‘तुम्हाला माफ आहे’ असे म्हटले की मुले अवघडतात आणि कोपऱ्यात उभी राहतात. त्यांना काम द्यावे. आमच्या वार्षिक दौडीत पेसर म्हणून हीच मुले धावतात. कोणी तासाभरात दहा किलोमीटर पूर्ण करणाऱ्यांना सोबत नेते, कोणी सत्तर मिनिटांत. हातातल्या काठीवर वेळ लिहिलेला झेंडा असतो आणि मागे बँकेचे व्यवस्थापक, शाळेचे मुख्याध्यापक त्या मुलाच्या पावलाशी पाऊल जुळवत असतात. भरतीत निवड न झालेला एक मुलगा आता आमच्या नवशिक्यांचा सराव घेतो आणि त्याच्यामुळे गटात आलेल्या माणसांची संख्या माझ्यामुळे आलेल्यांपेक्षा नक्कीच जास्त आहे.

उत्तर: गोदाकाठ, नांदेड

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि नांदेडमध्ये धावणाऱ्यांच्या एका गटाशी जोडलेलो आहे. सरावाविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे. मी शरीराविषयी लिहितो, कारण मुलांना गटात घेतल्यावर ही जबाबदारी आपल्याकडे येते.

पहिला मुद्दा उन्हाचा. 2014 च्या जून महिन्यात मुंबईतील पोलीस भरतीत, तेव्हा असलेल्या चाचणीचे पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले होते, हे अनेकांना आठवत असेल. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून होळीनंतर सरावाची तीव्रता आधी कमी करून मग हळूहळू वाढवावी आणि मे महिन्यात सूर्य वर येण्यापूर्वी धावणे आटोपावे. सप्टेंबरमध्ये ऊन कमी भासले तरी हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर तापत राहते, ही गोष्ट 17 सप्टेंबरच्या दौडीसाठी विशेष लक्षात ठेवावी. एखादा धावणारा असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा तो कोसळला, तर उष्माघाताची शंका घेऊन रुग्णवाहिकेला फोन करावा आणि ती येईपर्यंत त्याला सावलीत झोपवून अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे. थंड करण्याचे काम आधी आणि हलवण्याचे नंतर, हा क्रम स्वयंसेवकांना तोंडपाठ असावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पाणपोईवर साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी ठेवावे. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण बदलू नये.

दुसरा मुद्दा नडगीच्या दुखण्याचा. भरतीची जाहिरात निघाली की मुले एकदम रोज दोन वेळा, तेही सिमेंटच्या रस्त्यावर, पूर्ण जोराने धावू लागतात आणि काही आठवड्यांत नडगीचे हाड दुखू लागते. वेदना एकाच बिंदूवर असेल आणि बोटाने दाबल्यावर वाढत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो, तेव्हा धावणे थांबवून तपासणी करून घ्यावी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून टणक होते आणि पावसाळ्यात बुटांना लगडते, त्यामुळे सरावासाठी मुरमाची वाट मिळाली तर तिच्यासारखे उत्तम दुसरे काही नाही. सदस्यांनी आपले जुने बूट मुलांना द्यावेत, अशी सूचना बहुतेक गटांत येते. भावना चांगली आहे, परंतु तळ झिजलेले बूट दुसऱ्याच्या पायात जाऊन नवीन दुखणी निर्माण करतात. गटाच्या निधीतून साधे पण नवे आणि मापाचे बूट घेऊन द्यावेत.

तिसरा मुद्दा संकोच बाजूला ठेवून मांडतो. भरतीच्या काळात दम वाढवणारी म्हणून इंजेक्शने आणि गोळ्या मुलांपर्यंत पोहोचतात. जीव धोक्यात येतो आणि उघडकीस आल्यास उमेदवारीही जाते. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला हे विचारण्यासाठी विश्वासाचे एखादे वडीलधारे माणूस लागते आणि आपले गट ते माणूस देऊ शकतात. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी, ज्वारीची भाकरी आणि पुरेशी झोप यांवर उत्तम तयारी होते. त्यातली झोप रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना सर्वांत कमी मिळते.

उत्तर: आठशे मीटर, बीड

सर, मी स्वतः भरतीतून गेले आहे आणि आता पोलीस दलात नोकरीला आहे, म्हणून मुलींच्या बाजूने लिहिते.

मुलींना सर्वांत मोठी अडचण वेळेची असते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि आठच्या आत अभ्यासिका किंवा महाविद्यालय गाठायचे असते, त्यामुळे सराव अंधारातच सुरू करावा लागतो. रस्त्यावर दिवे नसतात, भटकी कुत्री अंगावर येतात आणि मोटारसायकलवरून जाणारे काय काय बोलतात ते इथे लिहिण्याची आवश्यकता नाही. माझ्या वेळी मैदानावर रोज येणाऱ्या काही काकू होत्या. त्या चालायच्या, मी धावायचे, परंतु त्या आहेत म्हटल्यावर घरून परवानगी मिळाली. आपल्या गटातील भगिनींनी ठरवून एक वेळ आणि एक जागा पक्की केली आणि मुलींच्या आई-वडिलांशी एकदा फोनवर बोलून घेतले, तर कितीतरी मुलींचे ग्राउंड तेवढ्याने सुरू होईल. माझी कळकळीची विनंती आहे की हे काम पहिल्या क्रमांकावर ठेवा.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातली आहे. दसरा-दिवाळीनंतर अनेक घरांतील आई-वडील ऊसतोडीला जातात आणि मागे राहिलेल्या मोठ्या मुला-मुलींवर घर, जनावरे व लहान भावंडे येऊन पडतात. त्या काळात मुले सरावाला आली नाहीत, तर त्यांनी सोडून दिले असे समजू नका. निरोप पाठवत राहा, ती मार्चनंतर पुन्हा येतात.

निवड झाली म्हणजे धावणे संपले असेही नसते, हे मुलांना सांगायला आमच्याकडे अविनाश साबळे आहेत. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो सैन्यात गेल्यानंतर. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, त्यांनी 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले, तेव्हा सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले होते. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. आमच्याकडच्या मुलांना हे आकडे पाठ आहेत.

उत्तर: दौलताबाद घाट, छत्रपती संभाजीनगर

वरील सर्वांशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका धोक्याकडे लक्ष वेधतो. मुले आली, काहींची निवड झाली, की गटाच्या फलकावर ‘आमचे इतके विद्यार्थी भरती’ असे लिहिण्याचा मोह होतो. तसे झाले की गट आणि भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी यांत फरक उरत नाही, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना त्या फलकाखाली उभे राहणे नकोसे होते. आपल्याला ज्यांची काळजी वाटते, ती नेमकी हीच मुले आहेत. निवड झालेल्यांचा सत्कार अवश्य करावा, पण त्याच कार्यक्रमात वर्षभर नियमित आलेल्या सर्वांची नावे, वय आणि वेग न पाहता, वाचून दाखवावीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: पहाटफेरी, परभणी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने आणि तपशिलाने लिहिले, याबद्दल मनःपूर्वक आभार. ही सर्व उत्तरे मी सदस्यांसमोर वाचून दाखवली. बुधवारी आम्ही घड्याळ घेऊन मुलांच्या मैदानावर जाणार आहोत. मुलींसाठी पहाटेची वेळ आणि जागा पक्की करण्याची जबाबदारी गटातील दोन भगिनींनी आपणहून घेतली असून, पालकांशी बोलण्याचे कामही त्याच करतील. 17 सप्टेंबरच्या दौडीतील सर्व पेसर भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींमधून निवडायचे, यावर एकमत झाले. बुटांच्या निधीवर मात्र अजून चर्चा चालू आहे, कारण कोणाला द्यायचे हे कोणी आणि कसे ठरवायचे, ते आम्हाला सुचलेले नाही. लातूर किंवा नांदेडच्या गटांनी याची काही पद्धत बसवली असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.