शब्दचर्चा : ‘दीनांचा न्याय करणे’ म्हणजे राजाने नेमकं काय करायचं?

साखर पेठ

नमस्कार. आमच्या चर्चमध्ये रविवारी मी मुलांचा वर्ग घेते. सध्या बायबलमधली ७२ आणि ८२ ही स्तोत्रं चालू आहेत. दोन्हींत सांगणं एकच, की ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने दीनदुबळ्यांचा न्याय करावा. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “टीचर, न्याय तर चोराचा करतात ना? गरिबाने काय केलंय?” खरंच, ‘देव त्याचा न्याय करील’ असं आपण म्हणतो तेव्हा मनात शिक्षाच असते. मग इथे अर्थ काय घ्यायचा? ‘न्याय देणे’, ‘कैवार घेणे’, ‘दाद देणे’ यांतलं कुठलं मुळाच्या जवळ जाईल?

जुळे सोलापूर

ताई, मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय. हिब्रूत तिथे ‘शाफत’ हे क्रियापद आहे. तक्रार ऐकणं, निवाडा देणं, तो अमलात आणून माणसाला सोडवणं आणि एकंदर राज्यकारभार चालवणं, एवढं सगळं त्यात मावतं. याच धातूपासून आलेलं ‘शोफतीम’ हे एका पुस्तकाचं नाव आहे, मराठीत ते ‘शास्ते’ झालं. शास्ता म्हटलं की आपल्याला दंड करणारा आठवतो. पुस्तक उघडलं की दिसते ती झाडाखाली बसून लोकांचे तंटे ऐकणारी दबोरा, आणि पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या मिद्यान्यांना हाकलून लावणारा गिदोन. शास्ते उभे केले ते लोकांना लुटारूंच्या हातून सोडवण्यासाठी, असं दुसऱ्या अध्यायात स्पष्टच म्हटलंय.

८२व्या स्तोत्रात तर खुलासा शेजारीच आहे. तिसऱ्या वचनात ‘शाफत’, आणि चौथ्यात लगेच ‘सोडवा’, ‘दुष्टांच्या हातून काढून घ्या’. म्हणजे निकालपत्र वाचून दाखवलं की काम संपलं, असं नाही. माणूस जुलमातून बाहेर आला तर न्याय झाला.

याच दोन वचनांत गरिबासाठी चार वेगवेगळे शब्द आहेत. आपण ‘दीन, दरिद्री, कंगाल’ असं एका दमात म्हणून पुढे जातो, पण ते चारही सावकाश पाहण्यासारखे आहेत. ‘दल’ म्हणजे वाळलेला, अंगात जोर नसलेला. मिसरच्या राजाच्या, फारोच्या, स्वप्नातल्या सुकलेल्या गाईंना उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात हाच शब्द लावलाय, म्हणून आपला ‘दुबळा’ इथे चपखल बसतो. ‘अनी’ म्हणजे दाबला गेलेला, गांजलेला. दाबणारा कुणीतरी आहे, हे त्या शब्दात धरलेलंच आहे. ‘राश’ म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही. आणि ‘एव्योन’ म्हणजे गरजवंत. मुलांना हे चौघे वेगवेगळे दाखवा. पैसा नसणं ही त्यातली एकच गोष्ट आहे. बाकी सगळं जोर कुणाकडे आहे यावर ठरतं.

सात रस्ता

मी कोर्टाबाहेर टायपिंगचं काम करतो. माझं मत ‘दाद’ला. आमच्याकडे दाव्याच्या शेवटी विनंतीचं कलम असतं, आणि सगळं मागून झाल्यावर एक ठरलेली ओळ येते : ‘न्यायाच्या दृष्टीने योग्य ती इतर दाद मिळावी’. दाद म्हणजे हातात पडणारी गोष्ट. जमिनीचा ताबा, थकलेला पगार, पोटगी. शब्द फारसी, मूळ अर्थ न्यायच. पण मराठीत तो ‘मागणे’ आणि ‘लागणे’ यांच्याबरोबर रुळला. ‘माझी दाद लागली नाही’ असं म्हणणारी बाई शिक्षेबद्दल बोलत नसते, तिच्या हक्काचं तिला मिळालं नाही एवढंच ती सांगत असते.

‘फिर्याद’ही फारसीच, मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेली हाक. बायबलमध्ये असा काही प्रसंग आहे का?

जुळे सोलापूर

आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. २ राजे, आठवा अध्याय. शूनेम गावची एक बाई दुष्काळात सात वर्षं पलिष्ट्यांच्या मुलखात जाऊन राहते. परत येते तर घर आणि शेत दुसऱ्याच्या ताब्यात. ती राजाकडे जाते, आणि तिथलं हिब्रू क्रियापद शब्दशः ‘आरोळी मारणे’ असंच आहे. म्हणजे दादा, तुमची फिर्याद. राजा तिची चौकशी करतो, एक कामदार नेमून देतो आणि हुकूम सोडतो : तिचं सगळं तिला परत करा, शिवाय ती गेली त्या दिवसापासून आजपर्यंतचं शेताचं उत्पन्नही द्या.

राजा तिला भाकरी देत नाही, चार नाणीही हातावर ठेवत नाही. तिचं तिला मिळवून देतो, आणि ते व्हावं म्हणून माणूस नेमतो. त्या ‘शाफत’चं मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हेच.

मंगळवेढा

आमच्या दामाजीपंतांची कथा यात घ्यायला हवी. बेदरच्या बादशहाचा अंमलदार, दुष्काळ पडलेला, लोक अन्नावाचून मरत होते. पंतांनी सरकारी कोठारं उघडली. पुढे विठोबा विठू महार होऊन बादशहाच्या दरबारात रक्कम भरून आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. राज्यकर्त्याचं कर्तव्य म्हणतात ते हेच की. मग ‘दया’ हा शब्द का नको?

जुळे सोलापूर

पंतांपुढे मी हात जोडतो. कोठारातलं धान्य रयतेनेच पिकवलेलं होतं, त्यामुळे त्यालाही नुसती दया म्हणायला माझं मन तयार होत नाही.

बायबलमध्येही पोटाची सोय सांगितली आहेच, पण ती मुख्यतः सगळ्या लोकांवर टाकलेली. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं गरिबाला आणि परदेशी माणसाला राहू द्या (लेवीय १९). मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या (अनुवाद २४). राजाच्या वाट्याला वेगळं काम येतं. त्याने घोडे, बायका आणि सोनंनाणं यांचा साठा करू नये, नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी काढून जन्मभर वाचावी (अनुवाद १७), आणि गांजणाऱ्याला आवरावं.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २२व्या अध्यायात, हे फार तिखट येतं. यहोयाकीम राजा गंधसरूचं लाकूड लावून, हिंगुळी रंग देऊन वाडा बांधतोय आणि मजुरांना मजुरी देत नाही. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो : तोही खात-पीत होताच, पण गांजलेल्याच्या आणि गरजवंताच्या दाव्याचा निवाडा करत होता, मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय? या ठिकाणी हिब्रू शब्द आहेत ‘दान दीन’. मराठी कानाला वाटेल, दीनाला दान केलं. उच्चारांचा नुसता योगायोग आहे. हिब्रूत ‘दीन’ म्हणजे दावा, आणि ‘दान’ म्हणजे त्याने निवाडा केला.

विजापूर वेस

एक शंका. ‘कैवार घ्या’ म्हटलं तर न्यायाधीशाने गरिबाची बाजू आधीच धरल्यासारखं होतं. मग तो न्याय कसला?

जुळे सोलापूर

शंका रास्त आहे, आणि मुळातही ती घेतलेली आहे. निर्गम २३ मध्ये गरिबाच्या दाव्यात त्याचा पक्षपात करू नको असं आहे, आणि तीनच वचनांनंतर गरिबाचा न्याय विपरीत करू नको असंही आहे. लेवीय १९ मध्ये दोन्ही एकत्र : दुबळ्याचं तोंड पाहू नको, थोराची भीड धरू नको. तेव्हा निकाल कुणाच्या बाजूने, हा प्रश्नच नाही. गरिबाचं म्हणणं निकालापर्यंत पोचतं का, हा प्रश्न आहे.

तुमच्या वस्तीच्या नावातच उत्तर आहे बघा. बाळीवेस, कुंभारवेस, विजापूर वेस ही आपल्याला नुसती पत्त्यातली नावं राहिली. इस्राएलात गावाची वेस हेच कोर्ट होतं. वडीलधारे तिथे बसायचे, साक्षी तिथे व्हायच्या. बवाजाने विधवा रूथचा प्रश्न वेशीतच सोडवला. आमोस संदेष्टा म्हणतो ते म्हणूनच इतकं बोचतं : तुम्ही लाच घेता आणि गरजवंताला वेशीतून हुसकून लावता.

म्हणून नीतिसूत्रे ३१ मध्ये लमुएल राजाची आई त्याला सांगते, की ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. त्याच्या आधी तिने दारूची गोष्ट काढली आहे. राजे प्यायले की कायदा विसरतात आणि गांजलेल्यांचा हक्क बुडवतात. सिंहासनावरच्या लेकाला आईने दिलेली ही शिकवण मला अख्ख्या पुस्तकात फार मोलाची वाटते. ‘कैवार’ शब्द मी ठेवीन, या अर्थाने.

सात रस्ता

आणि कागद सगळे चोख असले तर? नाबोथाच्या खटल्यात तेच झालं. शिक्का राजाचा, साक्षीदार नियमाप्रमाणे दोन. अहाब राजाला भाजीच्या मळ्यासाठी नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, नाबोथ वाडवडिलांची जमीन सोडेना, तर राणी ईजबेलीने रीतसर आरोप ठेवून त्याला दगडांनी मारवला. आमच्या फाइलीत ती केस नीट लागली असती. उलटं बोलायला एलीया संदेष्टा यावा लागला.

सेटलमेंट कॉलनी

वाचत होतो, आता बोलतो. आमच्या वस्तीच्या नावाचा उगम पुष्कळांना माहीत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्याच कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणात वस्ती झाली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. १९५२ साली ३१ ऑगस्टला कायदा रद्द झाला, तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. आमच्या आज्या-पणज्यांवर अन्याय झाला तो कायदा मोडून झाला नाही, कायदा लिहूनच झाला. यासाठी बायबलमध्ये शब्द आहे का?

जुळे सोलापूर

आहे दादा, आणि तो नेमका तुम्ही म्हणता त्याच गोष्टीसाठी आहे. यशया संदेष्ट्याचं पुस्तक, दहावा अध्याय, पहिली दोन वचनं. ‘धिक्कार असो’ अशी सुरुवात करून तो ज्यांना नाव ठेवतो ते चोर-दरोडेखोर नव्हेत, अन्यायाचे कायदे करणारे आणि जुलूम लिहून काढणारे लेखनिक आहेत. तिथल्या क्रियापदाचा मूळ अर्थ कोरणे. पाटीवर कोरलेला, पक्का केलेला अन्याय.

पुढच्या वचनात असे कायदे कशासाठी करतात ते येतं : दुबळ्यांना न्यायापासून दूर लोटायला आणि माझ्या प्रजेतल्या गांजलेल्यांचा ‘मिश्पात’ लुटायला. ‘मिश्पात’ हा ‘शाफत’वरूनच झालेला शब्द. साखर पेठच्या ताईंनी हे वचन वर्गात जरूर घ्यावं, कारण इथे ‘न्याय’ लिहून भागत नाही, ‘हक्क’च लिहावं लागतं. त्याच्या शेजारचं क्रियापद ‘गाझल’ आहे, म्हणजे जबरदस्तीने हिसकावून घेणं. हिसकावतात ते ज्याच्या मालकीचं असतं त्याच्याकडूनच.