शब्दचर्चा : ‘स्कटलबट’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकी नौदलातल्या एका खलाशाच्या आठवणी मराठीत आणतोय. त्यात ‘स्कटलबट’ दर दोन पानांनी येतो. मी सरसकट ‘अफवा’ लिहीत सुटलो, तर पुढे एके ठिकाणी हा गडी स्कटलबटवर जाऊन पाणी पितो! शिवाय ‘हेड’ म्हणजे संडास, तो कसा?

– ‘अफवा’ चूक नाही, पण फिकं पडतं. बट म्हणजे पिंप, स्कटल म्हणजे भोक पाडणं. शिडाच्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याचं पिंप डेकवर असे आणि भांडं बुडवता यावं म्हणून त्याला भोक पाडलेलं असे. पाणी प्यायला आलेले दोघं-तिघं तिथे घुटमळणारच. पुढचं बंदर कुठलं, कप्तान आज कोणावर उखडलाय, सगळं तिथेच कळायचं. पिंपाचं नाव असं बातमीला चिकटलं. त्या नौदलात पाणी प्यायच्या नळालाही स्कटलबटच म्हणतात, तुमचा गडी तिथलंच पाणी पितोय. मी तर ‘पाणवठा’ वापरीन. ‘पाणवठ्यावर ऐकलं’ म्हटलं की दोन्ही अर्थ आले. खलाशी ब्रिटिश असता तर हा घोळच नव्हता. ते अफवेला ‘बझ’ म्हणतात.

‘हेड’ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. शिडाच्या जहाजाला वारा बहुधा मागून, त्यामुळे तिथला वास पुढेच जाणार, आणि धुवायला लाटा आहेतच. सोय पाहून जागा निवडली आणि जागेचंच नाव पडलं. आपला ‘परसाकडे जाणे’ दुसरं काय आहे?

– ‘परसाकडे’ला दाद! पण पाणवठा खटकतो. पाणवठा म्हटला की घागरी आणि गुरं डोळ्यांपुढे येतात, पोलादी जहाज नाही. त्यापेक्षा ‘पिंपावरची बातमी’ बरी. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा करा, पुढे वाचक आपोआप सांभाळून घेतो.

– पिंप घेतो. आता शेवटचा त्रास. जहाज विमानवाहू आहे, आणि वैमानिक इतरांना ‘ब्लॅक शू’ म्हणून चिडवतात. ‘बोल्टर’ हाही शब्द आहे.

– तिथल्या वैमानिकांचे बूट तपकिरी, जहाजावरच्या बाकी अधिकाऱ्यांचे काळे. त्यावरून दोन जाती पडल्या, ‘ब्राऊन शू’ आणि ‘ब्लॅक शू’. ‘काळे बूटवाले’ म्हणा, टोमणा शाबूत राहतो.

‘बोल्टर’ मात्र तसाच ठेवा. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकला तर ‘ट्रॅप’, सगळ्या तारा चुकल्या तर ‘बोल्टर’. म्हणून तर चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात सोडतो. थांबायच्या वेळी जोर वाढवणं वाचकाला उलटं वाटेल, पण आकडा चुकलाच तर डेक संपायच्या आत पुन्हा हवेत जायचं असतं. ‘हुकलेलं उतरणं’ लिहिलंत तर ही सगळी घाई निघून जाईल.