आईची झोपेची गोळी: एकदम बंद करावी की हळूहळू?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न:

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. वडील गेल्यावर तिला झोप लागेना, तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलामची 0.25 मिलिग्रॅमची गोळी काही आठवड्यांपुरती लिहून दिली होती. पुढे ती चिठ्ठी कोणी तपासली नाही आणि गोळी मात्र चालूच राहिली. आता ती रात्री 0.5 ची एक आणि दुपारच्या जेवणानंतर 0.25 ची एक घेते. बटव्यात, औषधांच्या डब्यात आणि देवघराच्या खणात अशा तीन ठिकाणी तिने पाकिटे ठेवलेली आढळली. हल्ली तिला नुकतेच बोललेले आठवत नाही, आणि मध्यंतरी न्हाणीघरात तोल जाऊन ती पडलीही. भावाने रागाच्या भरात सगळ्या गोळ्या काढून घेतल्या, तर दुसऱ्या दिवशी तिचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून मी गोळी परत दिली. भावाचे म्हणणे असे की मी तिचे व्यसन पोसते आहे आणि तिला न सांगता व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावे. जिने आयुष्यात कधी सुपारीचे खांडही तोंडात टाकले नाही, तिला व्यसनी म्हणायचे का, आणि आता नेमके काय करायचे?

निवृत्त मनोविकारतज्ज्ञ यांचे उत्तर:

ताई, आपण गोळी परत दिलीत हे योग्यच झाले. अल्प्राझोलाम हे बेंझोडायझेपीन गटातील औषध आहे. मेंदूतील पेशींची उत्तेजना आवरणारे गॅबा नावाचे रसायन असते, त्याचा परिणाम हे औषध वाढवते. परंतु रोज बाहेरून आधार मिळू लागला की मेंदू त्या आधाराला जुळवून घेतो, आणि तो अचानक काढून घेतल्यास आवरलेली उत्तेजना एकदम उसळते. थरथर, घाम, धडधड आणि निद्रानाश हे त्याचेच परिणाम असून दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या व्यक्तीला त्यातून झटके (आकडी) येऊ शकतात, भास होऊ शकतात, आणि क्वचित जिवावरही बेतू शकते. अल्प्राझोलाम शरीरातून तुलनेने लवकर उतरते, म्हणून त्रास पहिल्या एकदोन दिवसांतच सुरू होतो.

आपल्या आईंच्या बाबतीत शरीराला लागलेली सवय स्पष्ट दिसते. व्यसन म्हणताना आम्ही आणखी काही पाहतो: नुकसान दिसत असूनही मात्रा वाढवत नेणे, गोळीसाठी मन सतत कासावीस असणे, ती मिळवण्यासाठी लपवाछपवी करणे. तीन ठिकाणी ठेवलेली पाकिटे आणि दुपारची वाढीव गोळी यांकडे दुर्लक्ष करू नये, पण एवढ्यावरून त्यांना व्यसनी ठरवण्याची घाईही करू नये. गोळी संपली तर रात्र कशी काढायची, या भीतीनेही माणूस साठा करतो. दोन्ही परिस्थितींत उपचाराची पहिली पायरी एकच असते, ती म्हणजे मात्रा अत्यंत सावकाश कमी करणे.

साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के कपात करतात, त्रास वाढल्यास त्याच पायरीवर थांबतात, आणि अशा रीतीने कित्येक महिने, कधी वर्षभरही जाते. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे प्रा. हेदर ॲश्टन यांनी 1982 ते 1994 या काळात याच कामासाठी स्वतंत्र चिकित्सालय चालवले. अल्प्राझोलामऐवजी त्याच गटातील, पण शरीरात अधिक काळ टिकणारे डायझेपाम देऊन ते उतरवत नेण्याची त्यांची पद्धत आजही वापरतात. मात्र वृद्ध शरीरात डायझेपाम साठत जाते, त्यामुळे आईंसाठी हा पर्याय योग्य आहे का, ते तपासणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनाच ठरवू द्यावे. मूळ शोक आणि निद्रानाश यांवर समुपदेशन आणि निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती (झोपेविषयीच्या सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार) हाही उपचाराचा भाग असावा, नाहीतर गोळी सुटते आणि रात्र तशीच राहते.

न सांगता केंद्रात नेण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार संमतीशिवाय दाखल करणे हा अपवाद आहे, आणि झटक्यांचा धोका असणाऱ्या रुग्णाला वैद्यकीय देखरेख नसलेल्या ठिकाणी ठेवणे घातक ठरू शकते.

औषधविक्रेता, सातारा यांचे उत्तर:

अल्प्राझोलाम हे औषध नियमांतील शेड्यूल एच-१ या यादीत मोडते. 1 मार्च 2014 पासून अशा औषधांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी तर लागतेच, शिवाय डॉक्टर, रुग्ण, औषध आणि मात्रा यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. आईंना गोळ्या चिठ्ठीशिवाय कुठून मिळतात, हे आपण शांतपणे विचारावे. ठरलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून एकाच दुकानातून औषध घेतल्यास मात्रा उतरवण्याच्या काळात हिशोब चुकत नाही.

बाबांचा मुलगा यांचे उत्तर:

माझ्या वडिलांनी याच गटातील क्लोनाझेपाम हे औषध असेच सावकाश मात्रा उतरवत सोडले. डॉक्टरांनी कपातीचा तक्ता वडिलांच्याच हाती दिला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण गोळी कोणी हिसकावून घेत नाही हे कळल्यावर त्यांची लपवाछपवी आपोआप थांबली. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या कटरने ते स्वतः गोळीचे तुकडे करून वारांच्या डबीत भरत. तुकड्याचा भुगा झाला तर तो टाकावा की घ्यावा, यावरून आमच्याकडे वाद होत, तेव्हा डॉक्टरांनी सरळ कमी मात्रेच्या गोळ्या लिहून दिल्या. अखेरच्या टप्प्यातली कपात सर्वांत जड गेली आणि चिडचिड फार झाली, पण कोणीही त्यांना टोमणा मारला नाही. आपल्या भावालाही डॉक्टरांकडे सोबत न्यावे, असे मनापासून सुचवतो.

कृष्णाकाठ:

सर्वांचे आभार. आई डॉक्टरांकडे यायला तयार झाली आहे. तोपर्यंत दुपारची गोळी तरी बंद करू का? गुडघेदुखीसाठी ती ट्रॅमाडॉलही घेते, हे सांगायचे राहून गेले.

निवृत्त मनोविकारतज्ज्ञ:

तोपर्यंत कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्र ट्रॅमाडॉलचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण ही दोन औषधे एकत्र घेतल्यास गुंगी वाढते आणि श्वसन मंदावू शकते, शिवाय ट्रॅमाडॉलमुळे झटक्यांचा धोकाही वाढतो. त्यामुळे भेट शक्य तितकी लवकर, याच आठवड्यात घ्यावी आणि घरातील प्रत्येक औषधाचे पाकीट पिशवीत घालून सोबत न्यावे. तत्पूर्वी काही विचारायचे असल्यास 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. त्या उठवूनही नीट जाग्या होत नसतील, श्वास संथ वाटत असेल किंवा झटका आला, तर वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालयात हलवावे.