सेलमला चेटकिणींच्या खटल्यांच्या जागा आपल्या आपण चालत बघायच्यात, सुरुवात कुठून करू?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, इंदिरानगर. लेक बॉस्टनला असते, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जातोय. तिथून सेलम जवळ आहे म्हणे, १६९२ मध्ये चेटूक केलं म्हणून माणसं फासावर दिली ते गाव (तमिळनाडूतलं नव्हे, बहिणीला सांगितलं तर म्हणाली तिथे बघायला काय, स्टीलचा कारखाना?). मागे एका ग्रुप टूरमध्ये सगळं धावतपळत उरकून आम्हाला फ्रिजच्या मॅग्नेटच्या दुकानात तासभर सोडलं होतं, तेव्हापासून कानाला खडा. आता पाट्या वाचत, दमलो की बसत, पाहुण्यांना काळाराम, सीतागुंफा करत रामकुंडावर नेतो ना तसं निवांत हिंडायचंय. ह्यांचे गुडघे कुरकुरतात हे लक्षात घेऊन सांगा. लेक म्हणते तिथे नुसता जादूटोण्याचा बाजार आहे. खरं काही उरलंय का?

मूळचा_पंचवटीकर
काकू, मी तिकडेच राहतो, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन जातो. पहिलं म्हणजे ऑक्टोबर टाळा. हॅलोविनमुळे पर्वणीला रामकुंडावर असते तशी गर्दी, फक्त सगळ्यांच्या डोक्यावर टोकदार टोप्या. सप्टेंबरात जा, नॉर्थ स्टेशनवरून लोकल, अर्ध्या तासात सेलम.

लेक चुकीचं सांगत नाही, मेणाचे पुतळे वगैरे भरपूर आहेत. खरं उरलंय ते थोडं आणि गप्प आहे. कोर्ट जिथे भरायचं तिथे आता वॉशिंग्टन स्ट्रीटवर फक्त पाटी आहे, तुरुंगाचंही तेच. खटल्यांशी थेट संबंध असलेलं सेलममधलं एकच घर उभं आहे, काळ्या रंगाचं, त्याला विच हाउस म्हणतात, पण तिथे चेटकीण बिटकीण कोणी राहत नव्हती, ते न्यायाधीश जोनाथन कॉर्विनचं घर! तिकीट काढून आत जाता येतं.

मग चार्टर स्ट्रीट. जुनी दफनभूमी आणि तिला लागूनच १९९२ चं स्मारक. इथे घाई करू नका. दगडी भिंतीतून बाहेर आलेले वीस बाक आहेत, एकेका माणसाचा एकेक, नाव, तारीख आणि कसं मारलं ते कोरलेलं. फाशी एकोणीस जणांना, त्यात पाच पुरुष. विसावा जाइल्स कोरी, ऐंशीच्या घरातला म्हातारा, कोर्टात गुन्हा कबूलही करेना आणि नाकबूलही करेना म्हणून अंगावर दगड रचून रचून मारला. आत शिरताना पायाखाली बघा, आरोपींनी मी निर्दोष आहे असं सांगितलेली वाक्यं दगडात कोरलीत आणि ती भिंतीखाली जाऊन अर्ध्यातच तुटतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यावरून सरळ चालत गेलो होतो, कळलंच नाही.

आणि एक गंमत म्हणा नाहीतर काय म्हणा, शेजारच्या दफनभूमीत खटल्यातला न्यायाधीश जॉन हॅथॉर्नची कबर नीट आहे, फाशी दिलेल्यांपैकी तिथे कोणीच नाही.

शेवटी प्रॉक्टर्स लेज, म्हणजे प्रत्यक्ष फाशीची जागा. गावातून पंधरा-वीस मिनिटं चाल आणि थोडा चढ, काकांसाठी उबर करा. औषधांच्या मोठ्या दुकानाच्या मागे आहे, आजूबाजूला लोकांची घरं, हळू बोला. कितीतरी वर्षं लोक वरच्या टेकडीलाच फाशीची जागा समजत होते. खालच्या रस्त्यावरच्या एका घरातून फाशी दिसली होती अशी एका बाईची त्या वेळची साक्ष आहे, तो धागा धरून अभ्यासकांनी २०१६ ला जागा नक्की केली आणि २०१७ ला तिथे स्मारक झालं.

सिन्नरचे_सर
पंचवटीकरांनी छान सांगितलंय पण अर्धी गोष्ट सेलमच्या बाहेर आहे. प्रकरण सुरू झालं ते सेलम व्हिलेजला, त्याचं आजचं नाव डॅनव्हर्स. पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरात नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची झटके आल्यासारखं करायला लागल्या, मग पहिला आळ तिघींवर, त्यातली टिटुबा ही घरातली गुलाम बाई. त्या घराचा दगडी पाया खोदून काढलाय, बघता येतो. तिथेच रिबेका नर्सचं शेत आणि घर आहे, एकाहत्तर वर्षांची बाई, ज्युरीने आधी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी परत विचार करायला लावला आणि मग फाशी. डॅनव्हर्सला गाडी लागेल, लेकीला रविवारी कामाला लावा.

आणखी एक, चेटकिणींना जाळलं असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात, सेलममध्ये एकालाही जाळलेलं नाही. आणि ज्यांनी 'हो, मी चेटूक केलं' अशी कबुली दिली ते वाचले, नाकारणारे लटकले. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, मग सगळे खोटं का नाही बोलले सर?

शिक्षा झालेली एलिझाबेथ जॉन्सन म्हणून एक होती (फाशी टळली तिची), तिचं नाव कागदोपत्री निर्दोष झालं ते २०२२ मध्ये, तेही आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून.

सातपुडा_फिरस्ती
विषय थोडा सोडून लिहितेय. आरोग्याच्या कामासाठी धडगाव-अक्कलकुव्याकडे काही वर्षं होते. तिथे बाईवर डाकीण म्हणून आळ यायचा तेव्हा मागे बहुतेक वेळा जमीन नाहीतर भाऊबंदकी, नाहीतर घरात कोणीतरी आजारी आणि दवाखाना लांब. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला आला, दाभोलकरांच्या खुनानंतर. काकू, ते बाक बघाल तेव्हा एक नजर टाका, आरोप करणारे शेजारीच होते का ते कुठे लिहिलंय का. मला टोप्यांपेक्षा त्यात रस आहे.

मूळचा_पंचवटीकर
@सातपुडा_फिरस्ती बाकांवर नाही लिहिलेलं, पण शेजारीच होते. पटनम घराण्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त, आणि नर्स कुटुंबाशी त्यांचे जमिनीच्या हद्दीवरून वाद. आरोप करणाऱ्यांतल्या पटनमांच्या मुलीने, ॲनने, १७०६ मध्ये चर्चमध्ये सगळ्यांसमोर माफी मागितली. जाइल्स कोरीने तर आधी स्वतःच्या बायकोविरुद्धच साक्ष दिली होती. तो गेला १९ सप्टेंबरला, ती २२ ला फासावर.

गोदाकाठची
बाई गं. ह्यांना वाचून दाखवलं, कोरीचं ऐकून म्हणाले मी तुझ्याविरुद्ध काही बोलणार नाही, चहा टाक.

मग असं ठरवते, पहिल्या दिवशी सकाळी विच हाउस, नंतर स्मारक आणि तिथेच डबा खाऊ, संध्याकाळी उबरने प्रॉक्टर्स लेज. डॅनव्हर्स वेगळ्या रविवारी. आणि तारीख २२ सप्टेंबरच्या आसपास जमते का बघते. पंचवटीकर, त्या बाकांवर बसलं तर चालतं ना, की कबरीसारखं असतं?

मूळचा_पंचवटीकर
बसा काकू, बसायलाच केलेत. लोक नावापाशी फुलं ठेवून जातात, तेवढी सरकवू नका.